लुइसा लम्सडेन

डेम लुइसा इन्स लम्सडेन (जन्म : ३१ डिसेंबर १८४०, ॲबर्डीन, स्कॉटलंड, मृत्यू : २ जानेवारी १९३५) या स्कॉटिश शिक्षणतज्ज्ञ, स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि स्त्री-मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या होत्या. केंब्रिज येथील गर्टन महाविद्यालयाच्या पहिल्या पाच विद्यार्थिनींमध्ये त्यांचा समावेश होतो. सेंट अँड्र्यूज येथील सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेच्या त्या पहिल्या मुख्याध्यापिका (१८७७-१८८२) होत्या. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी लोकांचा लॅक्रॉस हा खेळ मुलींच्या शाळेत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. २७ मार्च १८९० रोजी सेंट लेनर्ड्सच्या मैदानावर झालेला सामना हा मुलींचा पहिला नोंद झालेला लॅक्रॉस सामना मानला जातो. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या लॅक्रॉसची परंपरा याच सामन्यापासून मोजली जाते.

प्रारंभिक जीवन

लुइसा यांचा जन्म ॲबर्डीन शहरातील एका प्रतिष्ठित व सुखवस्तू कुटुंबात झाला. त्यांचे वडील क्लेमेंट्स लम्सडेन हे वकील होते. आईचे माहेरचे नाव जेन फोर्ब्स असे होते. भावंडांमध्ये लुइसा सर्वांत धाकट्या होत्या. त्या बारा वर्षांच्या असताना वडिलांचे निधन झाले. त्यानंतर चेल्टनहॅम, ब्रुसेल्स आणि लंडन येथील खासगी शाळांमध्ये त्यांचे शिक्षण झाले.

त्या काळी ब्रिटनमधील सुखवस्तू घरांतील मुलींच्या शिक्षणात फ्रेंच, संगीत, चित्रकला आणि शिष्टाचार यांवर भर असे. लॅटिन, ग्रीक व गणित हे विषय मुलांसाठी राखून ठेवलेले असत आणि विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. शाळा संपली की मुलीने घरी परतावे, विवाहाची वाट पाहावी आणि तो न झाल्यास घरातील वडीलधाऱ्यांची सेवा करावी, अशी अपेक्षा असे. लम्सडेन यांनीही शाळेनंतरची बरीच वर्षे घरीच काढली.

१८६७ मध्ये एडिंबरा येथे स्त्रियांच्या शिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढील वर्षापासून विद्यापीठातील प्राध्यापक डेव्हिड मॅसन यांच्यासारखे अध्यापक तेथे स्त्रियांसाठी व्याख्याने देऊ लागले. १८६८-६९ या वर्षात लम्सडेन या वर्गांना उपस्थित राहिल्या. विद्यापीठाच्या दर्जाचे अध्यापन त्यांना प्रथम येथेच मिळाले. त्या वेळी त्यांचे वय २८ वर्षे होते.

हिचिन येथील महाविद्यालय

एमिली डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६९ मध्ये इंग्लंडमधील हिचिन या गावी स्त्रियांसाठी एक निवासी महाविद्यालय सुरू केले. बेन्सलो हाउस या भाड्याच्या घरात ऑक्टोबर १८६९ मध्ये अध्यापनास प्रारंभ झाला. पहिल्या तुकडीत लम्सडेन यांच्यासह एमिली गिब्सन, ॲना लॉइड, इसाबेला टाउनशेंड आणि सारा वुडहेड अशा पाच विद्यार्थिनी होत्या. काही महिन्यांनी रेचल कुक ही सहावी विद्यार्थिनी येऊन मिळाली.

लंडन व केंब्रिज यांच्या दरम्यान असलेले हिचिन हे ठिकाण विचारपूर्वक निवडले होते. केंब्रिजमधील अध्यापकांना आगगाडीने तेथे ये-जा करता येत असे. त्याच वेळी तरुण स्त्रियांना विद्यापीठातील पुरुष विद्यार्थ्यांपासून दूर ठेवल्याचे समाधान पालकांना मिळत असे. स्त्रियांसाठी वेगळा व सोपा अभ्यासक्रम आखल्यास त्यांच्या यशाला कोणी महत्त्व देणार नाही, असे डेव्हिस यांचे मत होते. म्हणून पुरुष विद्यार्थी ज्या परीक्षा देत, त्याच परीक्षा तेवढ्याच मुदतीत द्याव्यात, असा त्यांचा आग्रह असे. शालेय वयात लॅटिन व ग्रीक न शिकलेल्या विद्यार्थिनींसाठी ही अट अत्यंत कठीण होती. लम्सडेन यांनी अभिजात भाषांचा अभ्यासक्रम निवडला.

विद्यार्थिनी आणि डेव्हिस यांच्यात मतभेदाचे प्रसंगही घडले. मार्च १८७१ मध्ये विद्यार्थिनींनी शेक्सपिअरच्या नाटकांतील काही प्रवेश पुरुषवेषात सादर केले. हा प्रकार बाहेर समजल्यास महाविद्यालयाची बदनामी होईल, या भीतीने डेव्हिस यांनी त्याला विरोध केला. आपण प्रौढ आहोत आणि स्वतःच्या वर्तनाविषयी निर्णय घेण्यास समर्थ आहोत, अशी विद्यार्थिनींची भूमिका होती. महाविद्यालयाचे अस्तित्वच लोकमतावर अवलंबून आहे, ही डेव्हिस यांची चिंताही निराधार नव्हती. उच्च शिक्षण घेणाऱ्या पहिल्या पिढीतील स्त्रियांना अभ्यासाइतकेच आपल्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष द्यावे लागत होते, हे या प्रसंगावरून दिसते.

ट्रायपॉस परीक्षा

केंब्रिज विद्यापीठाच्या अंतिम सन्मान परीक्षेस ट्रायपॉस असे म्हणतात. १८७३ च्या प्रारंभी सारा वुडहेड यांनी गणिताची, तर रेचल कुक आणि लुइसा लम्सडेन यांनी अभिजात भाषांची ट्रायपॉस दिली. विद्यापीठाच्या नियमानुसार स्त्रियांना परीक्षेस बसण्याचा अधिकार नव्हता. परीक्षकांनी वैयक्तिक पातळीवर त्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे मान्य केल्यामुळे ही परीक्षा अनौपचारिक रीतीने घेण्यात आली.

तिन्ही विद्यार्थिनी सन्मान श्रेणीस पात्र ठरल्या. त्यांचा निकाल विद्यापीठाने जाहीर केला नाही आणि त्यांना पदवीही दिली नाही. तरीही स्त्रिया ही परीक्षा देऊ शकतात, हे सिद्ध झाले. गर्टनच्या नंतरच्या विद्यार्थिनी या तिघींचे स्मरण महाविद्यालयाच्या आद्य विद्यार्थिनी म्हणून करत आल्या आहेत. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदव्या देण्यास १९४८ मध्ये प्रारंभ केला. त्यापूर्वीच या तिघींचे निधन झाले होते.

अध्यापनाचा प्रारंभ

१८७३ मध्ये महाविद्यालय हिचिनहून केंब्रिजजवळील गर्टन येथे नव्या इमारतीत गेले. त्याच वर्षी लम्सडेन यांची तेथे अभिजात भाषांच्या निवासी अध्यापिका म्हणून नेमणूक झाली. महाविद्यालयाच्याच माजी विद्यार्थिनींपैकी हे पद मिळालेल्या त्या पहिल्या होत. महाविद्यालयाच्या कारभारात निवासी अध्यापिकेस फारसा अधिकार नव्हता. विद्यार्थिनी आणि व्यवस्थापन यांच्यामध्ये अडकल्याची जाणीव त्यांना होत राहिली आणि १८७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

यानंतर त्यांनी चेल्टनहॅम लेडीज कॉलेज या शाळेत अभिजात भाषा शिकवल्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील या मुलींच्या शिक्षणातील अग्रणी मानल्या जात. बील यांचा मुलींच्या बौद्धिक शिक्षणास पूर्ण पाठिंबा असला, तरी मुलींनी मैदानावर चुरशीचे सामने खेळावेत हे त्यांना पसंत नव्हते. लम्सडेन यांनी पुढे स्वतःच्या शाळेत वेगळा मार्ग निवडला. गर्टनमध्ये शिकलेल्या कॉन्स्टन्स मेनार्ड आणि फ्रान्सेस जेन डव्ह या दोघीही चेल्टनहॅम येथे अध्यापन करत होत्या. पुढील टप्प्यात या दोघी लम्सडेन यांच्या सहकारी झाल्या.

सेंट लेनर्ड्स शाळा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या विद्यापीठनगरीत काही प्राध्यापक आणि नागरिक यांनी मुलींसाठी एक शाळा काढण्याचे ठरवले. इंग्लंडमधील मुलांच्या नामांकित निवासी शाळांच्या धर्तीवर ती चालवावी, अशी कल्पना होती. १८७७ मध्ये ही शाळा सुरू झाली आणि लम्सडेन तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. मेनार्ड आणि डव्ह यादेखील त्यांच्याबरोबर आल्या. प्रारंभी ही संस्था सेंट अँड्र्यूज मुलींची शाळा या नावाने ओळखली जाई. पुढे ती जुन्या सेंट लेनर्ड्स महाविद्यालयाच्या जागेत गेली आणि तेच नाव तिला मिळाले.

मुलींना मुलांइतकेच सखोल शिक्षण मिळावे, हे शाळेचे पहिले सूत्र होते. अभ्यासक्रमात लॅटिन, ग्रीक व गणित यांचा समावेश होता. विद्यार्थिनींचे वसतिगृहांनुसार गट पाडण्यात आले. या गटांना हाउस असे म्हणत. मोठ्या वर्गातील मुलींवर शिस्तीची काही जबाबदारी सोपवण्यात आली. सतत पहारा ठेवण्याऐवजी मुलींच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवावा, अशी लम्सडेन यांची पद्धत होती. स्वतः विद्यार्थिनी असताना हिचिन येथे आलेल्या अनुभवांशी ती सुसंगत होती.

शारीरिक शिक्षण हे शाळेचे दुसरे महत्त्वाचे अंग होते. अतिअभ्यासाने स्त्रियांची प्रकृती ढासळते व मातृत्वास बाधा येते, असे मत त्या काळी काही वैद्यकतज्ज्ञ जाहीरपणे मांडत होते. लंडनमधील डॉक्टर हेन्री मॉड्स्ली यांनी १८७४ मध्ये या आशयाचा लेख लिहिला होता आणि त्यावर मोठा वाद झाला होता. त्यामुळे मुलींच्या शाळेत एखादी विद्यार्थिनी आजारी पडली, तरी तो उच्च शिक्षणाविरुद्धचा पुरावा ठरण्याची शक्यता होती. अशा परिस्थितीत मैदानी खेळ हे केवळ करमणुकीचे साधन राहिले नाही. अभ्यास करणारी मुलगी सुदृढ असू शकते, हे दाखवून देण्याचा तो मार्ग होता. सेंट लेनर्ड्समध्ये व्यायाम व सांघिक खेळ यांना दैनंदिन वेळापत्रकात स्थान मिळाले. सांघिक खेळातून सहकार्य, नेतृत्व आणि पराभव स्वीकारण्याची वृत्ती हे गुण येतात, असे मुलांच्या शाळांविषयी नेहमी सांगितले जाई. लम्सडेन व डव्ह यांनी तोच विचार मुलींना लागू केला.

लम्सडेन आणि मेनार्ड यांच्यात घनिष्ठ स्नेह होता. मेनार्ड यांनी आपल्या दैनंदिनीत या नात्याविषयी विस्ताराने लिहिले असून स्त्रियांच्या इतिहासाचे अभ्यासक त्या लेखनाचा आधार घेतात. मेनार्ड यांची धर्मश्रद्धा कडवी इव्हँजेलिकल स्वरूपाची होती, तर लम्सडेन यांची मते उदार होती. कालांतराने दोघींमध्ये दुरावा आला. १८८० मध्ये मेनार्ड यांनी शाळा सोडली आणि १८८२ मध्ये त्या लंडन येथील वेस्टफील्ड महाविद्यालयाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणास्तव लम्सडेन यांनी मुख्याध्यापिकापद सोडले. त्यांच्या जागी फ्रान्सेस जेन डव्ह यांची नेमणूक झाली.

लॅक्रॉसचा पूर्वेतिहास

लम्सडेन यांनी पाहिलेला लॅक्रॉस हा खेळ शेकडो वर्षांचा इतिहास असलेला होता. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील आणि महासरोवरांच्या परिसरातील अनेक मूलनिवासी राष्ट्रांमध्ये काठी व चेंडूचे खेळ प्रचलित होते. होडेनोशॉनी (इरोक्वाय) राष्ट्रसंघ, वेंडाट, अनिशिनाबे, चॉक्टॉ, चेरोकी इत्यादी लोकांत या खेळाची वेगवेगळी रूपे आढळतात. टोकाला जाळी विणलेल्या काठीने चेंडू झेलणे, वाहून नेणे व फेकणे हे इरोक्वाय खेळाचे वैशिष्ट्य होय. आग्नेय भागातील चॉक्टॉ व चेरोकी खेळाडू दोन्ही हातांत एकेक आखूड काठी घेऊन खेळत. पारंपरिक सामन्यांत मैदानाची लांबी आणि खेळाडूंची संख्या ठरलेली नसे. काही सामन्यांत शेकडो खेळाडू भाग घेत.

होडेनोशॉनी लोकांच्या श्रद्धेनुसार हा खेळ निर्मात्याने दिलेली देणगी आहे. आजारी व्यक्तीला बरे वाटावे, समाजाचे मन प्रसन्न व्हावे, यासाठी तो आजही विधिपूर्वक खेळला जातो. दोन गटांतील तंटे मिटवण्यासाठीही सामने होत. सतराव्या शतकात वेंडाट लोकांमध्ये राहिलेले फ्रेंच जेझुइट धर्मप्रसारक ज्याँ द ब्रेबफ यांनी या खेळाचा व त्याच्या उपचारात्मक हेतूचा उल्लेख केला आहे. लॅक्रॉस हे नाव फ्रेंच भाषेतील काठीवाचक शब्दावरून पडले.

एकोणिसाव्या शतकात मॉन्ट्रिऑलमधील इंग्रजी भाषक रहिवासी कानावाके येथील मोहॉक लोकांकडून हा खेळ शिकले. कानावाके ही वस्ती सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर आहे. तत्कालीन इंग्रजी लेखनात तिचा उल्लेख कॉघ्नावागा असा येतो. १८५६ मध्ये मॉन्ट्रिऑल लॅक्रॉस क्लबची स्थापना झाली. मॉन्ट्रिऑलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स (१८४३-१९००) यांनी खेळाचे लिखित नियम तयार केले. प्रत्येक संघात बारा खेळाडू असावेत व चेंडू रबराचा असावा, असे त्यांनी ठरवले. १८६७ मध्ये कॅनडात या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

नियमबद्ध झालेल्या या खेळात मूळ खेळाडूंचे स्थान मात्र डळमळीत झाले. १८८० मध्ये संघटनेने केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले. सामन्यासाठी प्रवास करण्याचा खर्च भागवण्याकरिता मूलनिवासी संघ मोबदला घेत. त्यामुळे ते व्यावसायिक ठरले आणि अजिंक्यपदाच्या स्पर्धांमधून बाहेर फेकले गेले. त्यांचे प्रदर्शनीय सामने मात्र सुरूच राहिले. १८७६ मध्ये बिअर्स यांच्या पुढाकाराने मॉन्ट्रिऑलचा एक संघ आणि कानावाकेचा एक संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. त्यांनी विंडसर येथे राणी व्हिक्टोरियासमोर सामना खेळला. १८८३ मध्ये असाच दुसरा दौरा झाला. या दौऱ्यांमुळे ब्रिटनमधील पुरुषांच्या क्लबांमध्ये लॅक्रॉसचा प्रसार झाला.

उत्तर अमेरिकेचा प्रवास

मुख्याध्यापिकापद सोडल्यानंतर १८८४ मध्ये लम्सडेन उत्तर अमेरिकेच्या प्रवासास गेल्या. या प्रवासात मॉन्ट्रिऑल येथे त्यांनी कानावाकेचा संघ आणि मॉन्ट्रिऑल क्लब यांच्यातील लॅक्रॉसचा सामना पाहिला. सप्टेंबर १८८४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्स येथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी या सामन्याचे वर्णन केले आहे. खेळाचा वेग आणि त्यातील डौल यांमुळे त्या प्रभावित झाल्या. आपल्या जुन्या शाळेतील मुलींना हा खेळ शिकवावा, ही कल्पना त्यांना याच सामन्यावरून सुचली.

लॅक्रॉसमध्ये चेंडू जमिनीवर फारसा न राहता हवेतून फिरतो. धावताना काठी लयीत हलवून चेंडू जाळीत स्थिर ठेवावा लागतो. या क्रियेस क्रेडलिंग म्हणतात. या खेळात अंगबळापेक्षा धावण्याची गती, नजर आणि हाताचे कौशल्य यांना अधिक वाव आहे. मुलींच्या खेळासंबंधी समाजात असलेले आक्षेप पाहता हा गुण महत्त्वाचा होता.

पहिला सामना आणि खेळाचा प्रसार

सेंट लेनर्ड्समध्ये लॅक्रॉस प्रत्यक्ष सुरू होण्यास आणखी काही वर्षे लागली. २७ मार्च १८९० रोजी शाळेतील हाउसच्या संघांमध्ये पहिला सामना झाला. सुरुवातीला प्रत्येक संघातील खेळाडू बारापेक्षा कमी असत. नंतर ही संख्या बारा झाली. पुढील काळात लॅक्रॉस हा शाळेचा प्रमुख हिवाळी खेळ बनला.

शाळेबाहेरील प्रसार मुख्यतः शिक्षिका व माजी विद्यार्थिनी यांच्यामार्फत झाला. फ्रान्सेस जेन डव्ह यांनी १८९६ मध्ये सेंट लेनर्ड्स सोडून इंग्लंडमध्ये वायकोम ॲबी ही मुलींची शाळा स्थापन केली आणि तेथे लॅक्रॉस सुरू केला. रोडीन या शाळेतही हा खेळ लवकर रुजला. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या शिक्षिकांनी तो इतर शाळांमध्ये नेला. १९१२ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांची लॅक्रॉस संघटना स्थापन झाली आणि १९१३ मध्ये स्कॉटलंड व वेल्स यांच्यात स्त्रियांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला गेला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुलींचा लॅक्रॉस ब्रिटनमार्गे पोहोचला. सेंट लेनर्ड्सच्या माजी विद्यार्थिनी रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये बाल्टिमोर येथील ब्रिन मॉर या मुलींच्या शाळेत हा खेळ सुरू केला. १९३१ मध्ये तेथील स्त्रियांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अशा रीतीने उत्तर अमेरिकेत जन्मलेला खेळ अटलांटिक महासागर ओलांडून स्कॉटलंडमध्ये गेला आणि मुलींचा खेळ म्हणून पुन्हा त्याच खंडात परतला.

पुरुषांच्या खेळात कालांतराने शरीराने टक्कर देणे, शिरस्त्राण आणि जाड संरक्षक साहित्य यांचा समावेश झाला. स्त्रियांच्या खेळात शारीरिक टक्कर निषिद्ध राहिली आणि मैदानाच्या निश्चित सीमाही दीर्घकाळ आखल्या जात नसत. या दृष्टीने स्त्रियांचा लॅक्रॉस एकोणिसाव्या शतकातील खेळाच्या अधिक जवळचा मानला जातो.

श्रेयाविषयी विवेचन

स्त्रियांच्या लॅक्रॉसच्या जनक म्हणून लम्सडेन यांचा उल्लेख केला जातो. तथापि कालक्रम पाहता या श्रेयाचे वाटप करणे आवश्यक ठरते. १८९० मध्ये त्या शाळेच्या मुख्याध्यापिका नव्हत्या. त्या काळात शाळेचे नेतृत्व डव्ह यांच्याकडे होते आणि पुढे दुसऱ्या शाळेत हा खेळ नेण्याचे कामही डव्ह यांनीच केले. खेळ पाहून तो मुलींसाठी योग्य असल्याचे ओळखणे हे लम्सडेन यांचे योगदान होय. तसेच मुलींनी सांघिक खेळ खेळणे जेथे स्वाभाविक मानले जाई, अशी शाळा त्यांनी आधीच उभी केली होती.

कानावाकेच्या खेळाडूंचे श्रेय या इतिहासात बराच काळ दुर्लक्षित राहिले. लम्सडेन यांनी पाहिलेल्या सामन्यात एका बाजूला तेच खेळत होते. ज्या काळात त्यांच्या खेळाने एका स्कॉटिश शिक्षिकेला प्रेरणा दिली, त्याच काळात त्यांना स्वतःच्या खेळाच्या अधिकृत स्पर्धांमध्ये प्रवेश नव्हता. विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी नाकारली गेलेल्या लम्सडेन यांच्या स्थितीशी याचे काही प्रमाणात साम्य आहे. मात्र लम्सडेन यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. त्या दिवशी मैदानावर उतरलेल्या मोहॉक खेळाडूंची नावे या कथनात सहसा येत नाहीत.

युनिव्हर्सिटी हॉल

स्कॉटलंडमधील विद्यापीठांनी १८९२ पासून स्त्रियांना पदवी अभ्यासक्रमांसाठी प्रवेश दिला. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकणाऱ्या स्त्रियांसाठी युनिव्हर्सिटी हॉल हे वसतिगृह बांधण्यात आले. १८९६ मध्ये ते सुरू झाले. स्कॉटलंडमध्ये विद्यार्थिनींसाठी विद्यापीठाने चालवलेले हे पहिले वसतिगृह मानले जाते. लम्सडेन यांची त्याच्या पहिल्या प्रमुखपदी नेमणूक झाली. हिचिन व गर्टन येथील निवासी जीवनाचा आदर्श त्यांच्यासमोर होता. विद्यार्थिनींनी केवळ व्याख्यानांना उपस्थित न राहता एकत्र राहून, चर्चा करून व खेळून शिकावे, असा त्यांचा प्रयत्न होता. १९०० मध्ये त्यांनी हे पद सोडले.

मताधिकार चळवळ आणि उत्तरायुष्य

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लम्सडेन स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत सक्रिय झाल्या. ॲबर्डीन येथील मताधिकार संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. ही संघटना मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालील सनदशीर मार्गाने चालणाऱ्या गटाशी संबंधित होती. या वेळी लम्सडेन यांनी वयाची साठ वर्षे ओलांडली होती. ब्रिटनमध्ये १९१८ मध्ये तीस वर्षांवरील स्त्रियांना मालमत्तेच्या अटीसह, तर १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. हे दोन्ही कायदे त्यांच्या हयातीत झाले. प्राण्यांच्या संरक्षणाविषयीही त्यांना आस्था होती.

१९११ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टर ऑफ लॉज ही पदवी दिली. १९२५ मध्ये ब्रिटिश शासनाने शिक्षणातील कार्याबद्दल त्यांना डेम कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर हा किताब दिला. १९३३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, यलो लीव्ह्ज हे त्यांचे आत्मकथन प्रकाशित झाले. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या पहिल्या पिढीविषयी माहिती देणारे साधन म्हणून ते महत्त्वाचे आहे. २ जानेवारी १९३५ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. त्यांच्या जुन्या सहकारी कॉन्स्टन्स मेनार्ड यांचेही त्याच वर्षी निधन झाले.

वारसा

सेंट लेनर्ड्स ही शाळा आजही सेंट अँड्र्यूज येथे कार्यरत असून आता तेथे मुलेही शिकतात. स्त्रियांच्या लॅक्रॉसची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि पहिली स्त्री विश्वचषक स्पर्धा १९८२ मध्ये नॉटिंगहॅम येथे भरली. २००८ मध्ये पुरुष व स्त्रिया यांच्या आंतरराष्ट्रीय संघटना एकत्र आल्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शाळा व महाविद्यालयांमध्ये मुलींचा लॅक्रॉस हा मोठ्या प्रमाणावर खेळला जाणारा खेळ आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रत्येक संघात सहा खेळाडू असलेला लॅक्रॉसचा प्रकार स्त्री व पुरुष अशा दोन्ही गटांसाठी समाविष्ट करण्यात आला आहे.

होडेनोशॉनी समाजात मुलींच्या लॅक्रॉसचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा राहिला. पुरुषांची लाकडी काठी ही उपचारविधीशी निगडित पवित्र वस्तू असल्यामुळे स्त्रियांनी तिला स्पर्श करू नये, अशी परंपरा अनेक कुटुंबांत पाळली जाते. १९८० च्या दशकात स्त्रियांचा संघ उभारण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा समाजातील ज्येष्ठ स्त्रियांकडूनच त्यास विरोध झाला. विधीचा खेळ आणि मैदानी स्पर्धेचा खेळ यांत भेद करून पुढे मार्ग काढण्यात आला. २००९ च्या स्त्री विश्वचषक स्पर्धेत होडेनोशॉनी स्त्रियांचा संघ स्वतःच्या राष्ट्राच्या नावाने उतरला. १८८४ मध्ये मॉन्ट्रिऑलच्या मैदानावर लम्सडेन यांनी पाहिलेला खेळ अशा प्रकारे, मुलींचा खेळ म्हणून, तो जेथून आला त्या लोकांच्या मुलींपर्यंतही पोहोचला.